बल्बवाला टेस्ट लॅम्प: पिकअपच्या मागच्या लाइटसाठी मीटरच्या आधी हा घ्या

टेल लाइट, ब्रेक लाइट, साइड इंडिकेटर यांच्या वायरिंगमधला फॉल्ट शोधायला घरात एकच अवजार ठेवायचं तर कोणतं, असं गावातली गाडीवाली पोरं मला विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. स्क्रू-ड्रायव्हरसारखा दिसणारा, पारदर्शक मुठीत छोटा बल्ब बसवलेला, पुढे अणकुचीदार सळई आणि मागे वायरला चिमटा असलेला साधा टेस्ट लॅम्प. ऑटो स्पेअरच्या कुठल्याही बऱ्या दुकानात सव्वाशे-दीडशे रुपयांत मिळतो. माझा आळेफाट्यावरून घेतलेला आहे. पाकिटावर कंपनीचं नाव नाही, नुसतं ६ ते २४ व्होल्ट एवढं छापलेलं. त्याच्या जोडीला पुण्यातल्या तपकीर गल्लीतून आणलेला डिजिटल मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट आणि ओहम मोजणारा मीटर आहे, आणि एलईडीवाला टेस्टरही आहे. तिन्ही भरपूर वापरले, म्हणून आता लिहितोय.

माझी लांब हौद्याची पिकअप आहे. ओतूर-नारायणगाव पट्ट्यातला टोमॅटो, फ्लॉवर, मेथी, कोथिंबीर भरायची, ताडपत्री आवळायची, माळशेज उतरून मुरबाड-कल्याणमार्गे रात्रीतून वाशीच्या बाजार समितीत माल पोचवायचा, हा धंदा. पावसाळ्यात माळशेजात धुकं उतरलं की पुढच्या गाडीचा हौदा दिसत नाही, दोन लाल ठिपके तेवढे दिसतात. त्यातला एक विझलेला असला तर मागच्याला ती मोटारसायकल वाटते आणि तो बिनधास्त बाजूने काढायला जातो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे असं सांगितलंय. घाटातल्या वळणांवर तेवढा सरळ रस्ता मिळतच नाही, त्यामुळे मिळेल तेवढ्या अंतरात दिवा पुरा पेटलेला हवा. ‘जरा मंद आहे, पण लागतोय ना’ हे मला पटत नाही. मागचा लाइट हा मागून येणाऱ्या माणसाशी बोलायचा आपला एकमेव मार्ग आहे.

आणि भाजीच्या गाडीत नेमकी हीच वायरिंग सगळ्यात जास्त मार खाते. पालेभाजीवर पाणी मारलेलं असतं, ते हौद्याच्या फटींतून रात्रभर खाली ठिबकतं. चाकांचा चिखल उडतो. वॉशिंग सेंटरवर पोरगं प्रेशरची नळी थेट कपलरवर, म्हणजे वायरी एकमेकींना जोडणाऱ्या जोडावर धरतं. शिवाय टेल लॅम्पकडे जाणारा वायरचा जुडगा चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या कडेने, स्टेपनीच्या शेजारून जातो. तिथे रोजचं घासणं ठरलेलं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. मीटर चांगलं अवजार आहे, पण मागच्या लाइटच्या बाबतीत ते एकट्याने वापरलं तर फसवतं.

उजव्या बाजूचा ब्रेक लाइट बंद पडला होता. बल्ब काढला, फिलामेंट शाबूत. तरी नवा बल्ब टाकला, तोही लागेना. मग बल्ब बाहेर काढून, ब्रेकचं पेडल दाबून धरायला पोराला बसवलं आणि मीटरची लाल पिन होल्डरमधल्या ब्रेकच्या टोकावर, काळी बॅटरीच्या मायनसवर धरली. आकडा १२.४ व्होल्ट. अर्थची, म्हणजे करंट चेसिसकडे परत नेणारी वायर तपासली तर मीटर टीं करून वाजतोय, म्हणजे वाट जोडलेली आहे. मीटरच्या हिशेबाने सगळं ठीक, आणि दिवा काळा. तिथेच टेस्ट लॅम्प लावला. चिमटा बॅटरीच्या मायनसला, सळई त्याच टोकावर. लॅम्प लागलाच नाही, आत लालसर वातसुद्धा दिसली नाही. मग मागून पुढे सरकत आलो. कपलरच्या पुढच्या अंगाला, म्हणजे केबिनकडून येणाऱ्या बाजूला, लॅम्प लख्ख पेटला. मागच्या अंगाला अंधार. फॉल्ट त्या वीतभर जागेत पकडला गेला.

ती वायर बोटांत धरून वाकवली तर एका ठिकाणी एकदम लुळी लागली. वरचं प्लास्टिक अगदी धड, फट नाही, डाग नाही. पात्याने सोललं तेव्हा आतून तांब्याऐवजी हिरवी भुकटी सांडली. सगळे पदर कुजलेले, केसाएवढा एखादा पदर तेवढा दोन्हीकडे टेकलेला. त्याच केसावरून मीटर बारा व्होल्ट वाचत होता.

हे असं का होतं ते समजून घेतलं की अर्धं काम होतं. डिजिटल मीटर मोजताना वायरमधून जवळजवळ काहीच ओढत नाही. स्वस्त मीटरचा आतला अडथळा साधारण दहा लाख ओहम असतो, चांगल्याचा त्याच्या दहापट. म्हणजे स्वस्त मीटरसुद्धा बारा व्होल्टवर अँपिअरचा लाखावा भाग जेमतेम घेतो. ब्रेकचा २१ वॅटचा बल्ब घेतो पावणेदोन अँपिअर, म्हणजे लाखपटीहून जास्त. ठिबकची नळी चोंदलेली असली आणि शेवटचं टोक बंद असलं तर प्रेशरचा काटा पुरा चढतो. टोक उघडलं की थेंबही धड येत नाही. मीटर हा तसा काटा आहे. टेस्ट लॅम्प टोक उघडून बघतो.

ही समज मला आळेफाट्याजवळच्या एका जुन्या वायरमन मामांनी दिली. त्यांच्याकडे पाकिटातला टेस्ट लॅम्पही नव्हता. इंडिकेटरचा काळा पडलेला होल्डर, त्यात २१ वॅटचा बल्ब, दोन लांब वायरी आणि टोकांना चिमटे, बास.

“मामा, मीटर तर बारा दाखवतोय,” मी म्हणालो.

“दाखवू दे. तो नुसता बघतो. तू वायरीला काम सांग, मग कळेल ती किती पाण्यात आहे.”

“पण एवढा मोठा बल्ब कशाला? छोट्यानेही दिसेल की.”

“छोट्याने मेलेली वायर कळते, अर्धमेली कळत नाही. तुझ्या गाडीला रोज २१ वॅटचं ओझं ओढायचंय ना? मग परीक्षाही तेवढ्याचीच घे.”

म्हणून मी सांगताना दोन लॅम्प सांगतो. पाकिटातला सळईवाला, अवघड जागी पोचायला. आणि मामांसारखा २१ वॅटचा, खरं ओझं टाकून बघायला. दुसरा घरी करायला अर्धा तासही लागत नाही.

मागच्या लाइटमध्ये मला सगळ्यात जास्त भेटलेला रोग अर्थचा आहे, आणि त्याची लक्षणं इतकी विचित्र असतात की माणूस भलतीकडेच शोधत बसतो. ब्रेक दाबला की त्याच बाजूचा इंडिकेटर मंद पेटतो. पार्किंग चालू असताना ब्रेक दाबला की लाल दिवा वाढायच्या ऐवजी मावळतो. इंडिकेटर दिला की टेल लाइट त्याच्या तालावर फडफडतो. ब्रेक दाबला की नंबर प्लेटचा दिवा लागतो. कारण असं, की एका टेल लॅम्पमध्ये दोन फिलामेंटचा ब्रेक-पार्किंगचा बल्ब, इंडिकेटरचा बल्ब आणि बऱ्याचदा रिव्हर्सचाही बल्ब असतो, आणि सगळ्यांची चेसिसकडे परत जाणारी वाट एकच असते. ती वाट बंद झाली की करंट थांबत नाही, शेजारच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो, पार्किंगच्या लाइनने दुसऱ्या बाजूच्या बल्बपर्यंत किंवा नंबर प्लेटपर्यंत जातो आणि तिथल्या अर्थने खाली उतरतो. वाटेत जे जे फिलामेंट लागतं ते अर्धवट पेटतं.

अशा वेळी बल्ब बदलले जातात, होल्डर बदलले जातात, इंडिकेटर उघडझाप करवणारा फ्लॅशर बदलला जातो, आणि एका दुकानात तर मला अख्खी मागची वायरिंग नवी टाकायला सांगितली होती. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. दुखणं असतं एका बोल्टखाली.

डाव्या लॅम्पला हेच झालं तेव्हा केलेली तपासणी सविस्तर सांगतो, कारण इथेच लॅम्प आणि मीटर जोडीने कामाला येतात. आधी २१ वॅटच्या लॅम्पचा एक चिमटा बॅटरीच्या प्लसला. पिकअपची लांबी बघता पाचेक मीटर वायर लागते, आणि प्लसजवळच त्या वायरला १० अँपिअरचा फ्यूज हवाच, कारण उघडा चिमटा कुठे चेसिसला टेकला तर वायर लालभडक होते. दुसरा चिमटा टेल लॅम्पच्या अर्थ वायरवर. लॅम्प थेट बॅटरीवर जेवढा पेटतो तेवढाच इथे पेटायला हवा. पेटला तो पिवळट, अर्धमेला. अर्थ कमजोर आहे हे पक्कं झालं. कमजोरी नेमकी कुठे, हे मात्र लॅम्प सांगत नाही. ते मीटर सांगतो.

आता बल्ब जागेवर, ब्रेक दाबलेला, म्हणजे वायरवर खरं ओझं आहे. मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसवर पक्की, आणि लाल पिन परतीच्या वाटेवर एकेक पाऊल पुढे. बल्बच्या पितळी अंगावर ३.६ व्होल्ट. तिथे शून्याच्या जवळ, फार तर ०.२ यायला हवेत. कपलरच्या पलीकडे ३.५. चेसिसला बोल्टने आवळलेल्या लगवर, म्हणजे वायरच्या टोकाच्या कडीवर ३.४. आणि त्याच बोल्टशेजारी चेसिसचा रंग खरवडून पत्र्यावर पिन टेकवली तर ०.१. म्हणजे ३.३ व्होल्ट नखाएवढ्या जागेत, लग आणि चेसिसच्या मधे गडप होत होते.

दहाचा पाना लावून बोल्ट काढला. लगच्या खाली रंगाचा जाड थर, त्याखाली तांबूस गंजाची पापडी. हौदा रंगवताना तिथेही फवारा मारला गेला होता. पॉलिश पेपरने चेसिस आणि लग दोन्ही चकाकेपर्यंत घासले, दातेरी वॉशर टाकला, आवळलं, आणि आवळल्यानंतर वरून ग्रीसचा हात दिला. पुन्हा मोजलं तर बल्बच्या अंगावर ०.२. इंडिकेटरचं फडफडणं तिथल्या तिथे बंद.

हा आकड्यांचा खेळ कोणाला बारीक वाटेल, पण उजेडावर त्याचा परिणाम मोठा असतो. २१ वॅटच्या पेटलेल्या बल्बचा स्वतःचा अडथळा सुमारे सात ओहम. अर्थमध्ये नुसत्या एका ओहमचा गंज आला तर दीड व्होल्ट तिथेच जातात. आणि फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात घटत नाही, त्याहून फार वेगाने घटतो. दीड व्होल्ट कमी मिळाले तर उजेड साधारण एक तृतीयांश जातो. अंगणात उभं राहून बघितलं तर असा दिवा ‘लागतोय’ असाच वाटतो, आणि घाटात मागच्याला तो उशिरा दिसतो. मीटर ओहमवर ठेवून हा एक ओहम सापडत नाही, कारण स्वस्त मीटरच्या पिनांचा आणि वायरींचाच अडथळा त्याच्या आसपास असतो. टीं वाजण्यावर तर अजिबात भिस्त ठेवू नका. कित्येक ओहमचा अडथळा मधे असला तरी तो वाजतो. मीटर व्होल्टवर ठेवायचा, दिवा चालू ठेवायचा, आणि मग मोजायचं.

टेस्ट लॅम्पने माझा सगळ्यात जास्त पैसा वाचवला तो फ्यूज उडण्याच्या फॉल्टमध्ये. ब्रेक दाबला की १० अँपिअरचा लाल फ्यूज जायचा, कधी लगेच, कधी खड्ड्यात गाडी आपटल्यावर. अशा वेळी प्रत्येक प्रयोगाला एक फ्यूज जाळत बसावं लागतं, आणि मग वैतागून कोणीतरी सल्ला देतो की २० चा पिवळा टाक, किंवा चांदीचा कागद गुंडाळ. हे कृपा करून करू नका. फ्यूज वायरीला वाचवायला असतो. तो जाईना झाला की वायर तापते, आणि आपल्या हौद्यात प्लास्टिकचे कॅरेट आणि ताडपत्री असते.

त्याऐवजी फ्यूज काढून त्याच्या दोन खाचांत २१ वॅटच्या लॅम्पची दोन टोकं लावायची. मागचे दोन्ही ब्रेकचे बल्ब काढून ठेवायचे. आधी फ्यूजच्या झाकणावरचा तक्ता वाचायचा, कारण पुष्कळ गाड्यांत त्याच फ्यूजवर हॉर्न किंवा आणखी काही असतं, ते बंद ठेवायचं. मग पेडल दाबायचं. वायरिंग ठीक असेल तर लॅम्प लागणार नाही, कारण करंटला जायला जागाच नाही. कुठे शॉर्ट असेल तर लॅम्प पुरा पेटतो, आणि करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊच शकत नाही, त्यामुळे काही जळत नाही. निवांतपणे शोधता येतं.

माझा लॅम्प लख्ख पेटला. मग पोराला पेडलवर आणि लॅम्पवर नजर ठेवायला बसवून मी गाडीखाली शिरलो आणि पुढून मागे वायरचा जुडगा हलवत गेलो. स्टेपनीजवळ हात लागला आणि पोरगं ओरडलं, “पप्पा, विझला!” सोडला की पेटला, उचलला की विझला. स्टेपनीची साखळी जुडग्यावर दाबून बसत होती. वरची काळी नळी फाटलेली, आत ब्रेकच्या वायरचं प्लास्टिक ज्वारीच्या दाण्याएवढं घासलेलं, आणि उघड्या तांब्यावर ठिणग्यांचा काळा डाग. ती जागा बाहेरून डोळ्यांना दिसणारी नव्हतीच. नवा तुकडा जोडला, नालीदार नळी चढवली आणि जुडगा साखळीपासून लांब, चेसिसच्या आतल्या कडेला पट्टीने बांधला.

बाकीचे फॉल्ट सोपे आहेत. दोन्ही ब्रेक लाइट एकदम गेले तर बल्बांच्या मागे लागू नका, आधी फ्यूज आणि मग पेडलवरचा स्विच बघा. स्विचच्या एका वायरवर लॅम्प नेहमी लागला पाहिजे, दुसरीवर पेडल दाबल्यावर. इंडिकेटर एका बाजूला घाईघाईने मारायला लागला तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेलाय किंवा त्याचा अर्थ सुटलाय. रिव्हर्सचा दिवा गिअरबॉक्सवरच्या स्विचमुळेही जातो. आणि दोन फिलामेंटच्या बल्बच्या जागी घाईत एका फिलामेंटचा कोंबलेला मी पाहिलाय. त्याचं खालचं एकच टोक होल्डरमधल्या दोन्ही टोकांना टेकतं, मग ब्रेक दाबला की पार्किंगची सगळी लाइन पेटते. दोन फिलामेंटच्या बल्बच्या दोन खुंट्या खालीवर असतात. त्या बघून बसवा.

आता एलईडीवाल्या टेस्टरबद्दल. तो दिसायला छान, प्लसला लाल आणि मायनसला हिरवा दिवा, किंमतही फार नाही. पण एलईडीला पेटायला नगण्य करंट पुरतो, त्यामुळे त्या हिरव्या भुकटीच्या वायरवरही तो लागतो. म्हणजे मीटरचाच दोष, वर आकडाही नाही. मागच्या लाइटच्या कामाला तो घेऊ नका. त्याची जागा वेगळी आहे: ईसीयूच्या (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या), सेन्सरच्या वायरी. तिथे बल्बवाला लॅम्प चालत नाही, कारण तो करंट ओढतो आणि नाजूक सर्किट जळू शकतं. बीएस-६ गाड्यांमध्ये, म्हणजे धुराच्या नव्या नियमांनुसार बनलेल्या गाड्यांमध्ये, तर फार जपायला हवं. एअरबॅगच्या वायरींना, त्या बहुतेक पिवळ्या नळीत असतात, कुठलाच लॅम्प लावायचा नाही. काही नव्या गाड्यांत मागचे दिवेसुद्धा कंट्रोल युनिटवरून चालतात. तुमची तशी असेल तर बाहेरून बॅटरीचा करंट त्या वायरींत देऊ नका आणि काम त्यातल्या माणसाकडे सोपवा. माझ्यासारख्या स्विच-फ्यूज-बल्ब अशा सरळ वायरिंगच्या गाड्यांसाठीच हा रिव्ह्यू आहे.

टेस्ट लॅम्पमध्येही उणिवा आहेत. पहिली म्हणजे त्याची सळई. ती वायरच्या प्लास्टिकमध्ये खुपसून तपासता यावं म्हणूनच अणकुचीदार केलेली असते, आणि बहुतेक जण तसंच करतात. मी करत नाही आणि तुम्हीही करू नका. त्या सुईच्या भोकातून पाणी आत शिरतं, आणि वरून धड दिसणारी वायर आतून कुजायला तिथूनच सुरुवात होते. कपलरच्या मागच्या बाजूने, वायर जिथे आत जाते तिथून सळई अलगद सरकवली तर टोकाला पोचते. तेवढा धीर धरा.

दुसरं, सोबतची वायर आखूड, मीटरभरच. चिमटा बॅटरीपर्यंत पोचत नाही, मग माणूस तो चेसिसलाच कुठेतरी लावतो. चेसिसवर रंग किंवा गंज असला तर लॅम्प लागत नाही आणि चांगली वायर उगाच दोषी ठरते. मी ती वायर कापून लांब लावून घेतली. तिसरं, चिमट्याशी वायरचा जोड नुसता दाबलेला असतो. माझा काही महिन्यांत सुटला, सोल्डर केल्यावर टिकला. चौथं, भर उन्हात आतला छोटा बल्ब पेटलाय की नाही दिसत नाही. हाताचा आडोसा करावा लागतो. आणि दर वेळी काम सुरू करायच्या आधी लॅम्प थेट बॅटरीवर लावून पेटतोय ना ते बघायचं. तो नेहमीचा पुरा उजेड डोळ्यांत भरला की मग मंद पेटला तर फरक ओळखू येतो.

फॉल्ट सापडल्यावर जोड कसा करता याला तेवढंच महत्त्व आहे. दोन वायरी पिळून काळी टेप गुंडाळली तर वर्षभरात तिथेच पुन्हा यावं लागतं. टेप पाणी अडवत नाही, आत आलेलं पाणी मात्र धरून ठेवते. कुजलेला भाग हिरवा रंग संपून लाल तांबं लागेपर्यंत कापायचा, तेवढ्याच जाडीचा तुकडा जोडायचा, सोल्डर करायचं, आणि आधीच ओवून ठेवलेली आकसणारी नळी तापवून बसवायची. कपलरजवळ वायरला खाली झोळ ठेवायचा, म्हणजे पाणी झोळावरून गळून पडतं, कपलरमध्ये उतरत नाही. होल्डरच्या टोकांना पांढऱ्या पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवलं तरी गंज बराच लांबतो. आणि वॉशिंग सेंटरवर टेल लॅम्पच्या मागे नळी मारू नको असं पोराला आवर्जून सांगायचं.

घ्यायला जाल तेव्हा पाकिटातला पहिलाच लॅम्प उचलू नका. मुठीतून बल्ब काढता-घालता येतो का बघा. सीलबंद असेल तर बल्ब गेल्यावर सगळंच फेकावं लागतं. चिमट्याची स्प्रिंग दाबून बघा, सळईवर टोपी आहे का बघा, आणि दुकानातल्या बॅटरीवर पेटवून घ्या. ‘एलईडी’ असं कुठे लिहिलेलं असेल तर बाजूला ठेवा. त्याच काउंटरवर इंडिकेटरचा होल्डर, २१ वॅटचा एक फिलामेंटचा बल्ब, जाड वायर, चांगल्या दाताचे दोन चिमटे आणि एक फ्यूज होल्डर मागून घ्या. लॅम्पसकट हे सगळं मला चारशेच्या आत पडलं. मीटर नंतर घेतला तरी चालेल. मी मीटर वर्षभराने घेतला.